चिमूर, खंजिरी अन् पुढारपण : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट लागला की शाळेतले पोट्टे प्रोजेक्टसाठी, भजन मंडळातले नवीन मेंबर उत्सुकतेपोटी अन् पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली गावची मंडळी फोनवर चिमूरचा १९४२ चा उठाव, तुकडोजी महाराजांची खंजिरी-भजनं अन् गाण्यातून लोक कसे उभे राहतात याबद्दल तेच तेच विचारून राहते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. लांब झालं आहे, घाई असेल तर आपल्या कामाचा प्रश्न पाहून घ्या.

चिमूरला १९४२ ला नेमकं काय झालं होतं?

८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी अन् बाकीचे मोठे पुढारी आत. बातमी आपल्याकडे यायला वेळ लागायचा, पण आली. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात, आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात. सकाळी प्रभातफेरी निघाली, देशभक्तीची गाणी अन् भजनं म्हणत लोक निघाले, पोलिसांनी अडवलं, गोळीबार झाला अन् त्यात बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा गेला. त्यानंतर जमाव आवरला नाही. डाकबंगल्यावर चाल करून गेले, आग लावली, अन् एसडीओ (उपविभागीय अधिकारी) डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध अन् एक शिपाई असे चौघे मारल्या गेले. हे चौघेही आपल्याच देशाचे होते, हे भाषणात कोणी सांगत नाही पण सांगितलं पाह्यजे.

मग लोकांनी रस्त्यावर झाडं पाडली, पूल तोडले, बाहेरचा रस्ताच बंद. "चिमूर तीन दिवस स्वतंत्र होतं" असं जे म्हणतात ते हेच, १६ ते १९. १९ तारखेला फौज आली अन् मग गावावर जे झालं, विशेषकरून बायांवर, ते जुनी माणसं आजही मोठ्याने सांगत नाहीत. शेकडो लोकांना पकडलं.

पुढे चौकशी झाली का?

सरकारने सरळ चौकशी केली नाही. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे चिमूरला जाऊन माहिती घेऊन आले. सेवाग्राम आश्रमातले प्रोफेसर जयकृष्ण भणसाळी दिल्लीला बापूजी अणेंच्या दारात गेले, कारण अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते अन् माणूस आपल्या वणी-यवतमाळकडचा. तिथं काही हाती लागलं नाही म्हणून भणसाळींनी उपोषण केलं, ६३ दिवस. सरकारने ही बातमीच छापू नका म्हटलं, तर देशभरातल्या बऱ्याच पेपरवाल्यांनी ६ जानेवारी १९४३ ला निषेध म्हणून अंकच काढला नाही. १२ जानेवारीला उपोषण सुटलं.

चिमूर-आष्टीच्या केसमध्ये (आष्टीचं पुढे येतेच) अनेकांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यांचे प्राण वाचावे म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे जिवाच्या आकांताने झटल्या. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव शोधावं लागते, हे काही बरोबर नाही.

भजनामुळेच उठाव झाला, हे खरं आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारल्या जाणारा प्रश्न. अन् याचं उत्तर "हो" असं देऊन मोकळं व्हायची आपल्याला सवय लागली आहे.

तुकडोजी महाराजांचं एक हिंदी भजन आहे, ज्याच्यात झाडंझुडपं शस्त्र होतील, भक्तांची सेना होईल, दगड बॉम्ब होतील असं येते. ते चिमूरकडे घरोघरी माहीत होतं अन् उठावाची गोष्ट निघाली की पहिले तेच निघते. पण बाप्पा, भजन ऐकून माणूस डाकबंगल्यावर चाल करून जाते का? तसं असतं तर काकड आरतीवाले रोज कुठंतरी धडकले असते.

माझं म्हणणं असं आहे की भजनाने नाही, भजन मंडळाने झाला. फरक आहे. महाराजांनी १९३५ ला मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, त्याच्या आधीपासून ते गावोगाव फिरत होते, चिमूर तालुक्यातलं गोंदेडा ही तर त्यांची तपोभूमी, म्हणजे हा सगळा भाग त्यांच्या पायाखालचा. जिथं जिथं ते गेले तिथं मागे मंडळ राहिलं. सामुदायिक प्रार्थना, गावसफाई, एकत्र बसणं. रोज संध्याकाळी एका सतरंजीवर बसणारे पंधरा-वीस लोक, ज्यांना एकमेकांचा आवाज माहीत आहे, कोण येते कोण दांडी मारते ते माहीत आहे, कोणावर विसंबून राहता येते ते माहीत आहे. अशा लोकांना सकाळी प्रभातफेरीला बोलवायला नोटीस लागत नाही. शब्द गाण्याचे होते, पण पाय त्या मंडळाचे होते.

त्यात भर म्हणजे इंग्रज सरकारला सभा बंद करता यायची, पेपर बंद करता यायचा. भजन बंद करायला गेलं तर प्रत्येक देवळात शिपाई उभा करावा लागला असता.

महाराज स्वतः चिमूरच्या उठावात होते का? त्यांना अटक झाली होती ना?

अटक झाली, २८ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपूरला. पहिले नागपूर अन् मग रायपूरच्या जेलमध्ये ठेवलं, २ डिसेंबरला सोडलं. जमावाच्या पुढे उभे राहून हल्ला करा म्हणणारे ते नव्हते, पण ज्यांच्या मनात त्यांनी हिंमत घातली होती ते लोक तिथं होते. सरकारला एवढं पुरेसं होतं. आता याच्यावर चावडीवर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते महाराजांनीच उठाव घडवला, दुसरी म्हणते संत माणूस, त्याचा हिंसेशी काय संबंध. मला दोन्हीकडे गडबड दिसते. नेता म्हणून तुम्ही लोकांना उभं करता, पण उभे झालेले लोक कुठवर जातील हे तुमच्या हातात राहत नाही, खासकरून त्यांच्यासमोर पोरगं गोळी खाऊन पडलं असेल तेव्हा.

चिमूरचंच नाव काहून? बाकी गावं नव्हती का?

होती ना. त्याच नागपंचमीला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला गेले, गोळीबार झाला, सहा जण शहीद झाले, पोलीसही मारल्या गेले. अमरावती जिल्ह्यात यावली अन् बेनोडा. म्हणून तर आष्टी (शहीद), यावली (शहीद), बेनोडा (शहीद) अशी नावं एसटीच्या पाटीवर अन् सरकारी कागदावर दिसतात. यावली म्हणजे महाराजांचं जन्मगाव, ३० एप्रिल १९०९ चा जन्म, मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. 'तुकड्या' हे नाव गुरूंनी, वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेलं.

वाद्यं एवढी असताना खंजिरीच काहून?

पेटी महाग, तबल्याला जोडी लागते, मृदंग गळ्यात घेऊन दहा कोस चालून दाखवा. खंजिरी पिशवीत बसते. लाकडाचं कडं, एका बाजूला चामडं, कडेच्या खाचांमध्ये पितळी चकत्या, बस. एकटा माणूस उभ्या उभ्या गाऊही शकते अन् वाजवूही शकते. फिरस्त्या माणसाला, ज्याला आज सालबर्डी तर उद्या रामटेक, दुसरं काय परवडणार होतं?

अन् वाजवणं म्हणाल तर दिसते तेवढं सोपं नाही. डाव्या हातात कडं धरायचं, त्याच हाताची बोटं आतून चामड्यावर दाबून आवाज वरखाली करायचा, उजव्या हाताच्या बोटांनी ठेका. चांगला वाजवणारा असला की चकत्यांचा आवाज ठेक्याच्या मागून येत नाही, ठेक्यातूनच येते. पावसाळ्यात चामडं ढिलं पडते अन् खंजिरी 'भद भद' करते, मग कार्यक्रमाच्या आधी मंडळी चुलीजवळ नाहीतर पेटवलेल्या काडीकचऱ्यापाशी ती शेकत बसतात, बोटाने टिचकी मारून पाहतात, पुन्हा शेकतात. जास्त शेकली की फाटते. हल्ली फायबरच्या आल्या आहेत, पाऊस असो का थंडी आवाज तोच, स्पर्धेवाले त्याच घेतात. माझं मत विचाराल तर चामड्याची ती चामड्याची, पण ऐन स्पर्धेत फाटली की मत बदलते.

मराठी माणूस, मग भजनं हिंदीत काहून?

दोन्हीत आहेत, मराठीतही भरपूर. आपला भाग तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, नागपूर राजधानी, खाली छत्तीसगडपर्यंत एकच सरकार. बाजारात, जेलमध्ये, रेल्वेत हिंदी चालायचीच. ज्याला सगळ्या प्रांतात फिरायचं तो हिंदीत गाणारच. मात्र गावाबद्दल जेव्हा सविस्तर लिहायचं झालं तेव्हा ग्रामगीता मराठीत लिहिली, ४१ अध्याय, ओव्या ४६७५. संडास, पाणी, दारू, निवडणूक, सगळं त्यात आहे. मताला दुधारी तलवार म्हटलं आहे तेही तिथंच, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला दोन्ही पॅनलवाले तीच ओवी पॅम्प्लेटवर छापतात ही गंमत वेगळी.

गाडगेबाबांचं कीर्तन पण यातच धरायचं का?

धरायचं, पण त्यांची तऱ्हा वेगळी. गाडगेबाबा म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६. दिवसा गावात आले की झाडू घेऊन गल्ली झाडायची अन् रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे, आपल्या वऱ्हाडीत, लोकांकडूनच उत्तर काढायचे, देव दगडाचा का माणसातला, कर्ज काढून लग्न काहून करता, कोंबडं-बकरं देवाला काहून कापता. मधात भजन, पुन्हा प्रश्न. ऐकणाऱ्याला उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यावं लागायचं म्हणून ते टिकलं.

यात संघर्ष नाही कोण म्हणते? सावकार, बुवा, जातवाले, सगळ्यांशी भांडण होतं, फक्त दगड न उचलता. अन् पैशाच्या बाबतीत माणूस एकदम कडक. धर्मशाळा उभ्या केल्या, पण ट्रस्ट करून दिल्या, स्वतःच्या नावावर झोपडी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ ला गेले, बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी.

त्याच्या आधी, राजेरजवाड्यांच्या काळात असं काही होतं का?

वाद्यं होती, पण ती हुकमाची. नगारा वाजला म्हणजे कूच, कर्णा फुंकला म्हणजे इशारा, वाड्यावर नौबत म्हणजे इथं कोणाची सत्ता आहे ते कळावं. ऐकणाऱ्याने ऐकायचं अन् हलायचं. पोवाडा वेगळा, तो झाल्यावर येते. १६५९ ला अफजलखानाचा वध झाला त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा सापडलेल्या पोवाड्यांमध्ये सगळ्यात जुना मानतात. डफ, तुणतुणं अन् मागून 'जी जी' करणारे झीलकरी. लढाई राजाने जिंकली, पण गावागावात ती पोचवली शाहिराने.

गडचिरोलीकडचे बाबूराव शेडमाके यात बसतात का?

बसतात म्हणजे काय, पहिले बसतात. १८५७ च्या उठावाचं वारं दिल्ली-कानपूरपुरतं नव्हतं. १८५८ मध्ये चांद्याच्या जंगलात बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी गोंड, माडिया, रोहिले असे लोक जमवून इंग्रजांशी लढाया दिल्या. जंगोम सेना म्हणून त्यांच्या फौजेचं नाव घेतात. इंग्रजांना सरळ लढाईत जमलं नाही म्हणून अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीने त्यांना धरलं अन् २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलमध्ये फाशी दिली. वय पंचवीस.

लिहिलेला इतिहास म्हणाल तर इंग्रजांच्या कागदात तो 'बंडखोर' होता. गोंडी माणसाच्या तोंडी मात्र वेगळाच बाबूराव राहिला, गाण्यातला, गोष्टीतला, रात्री ढोलावर रेला (गोंडी नाचगाणं) धरून नाचताना आठवणारा. शंभर वर्षं पुस्तकवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही तरी तो मेला नाही. पुढे टपाल तिकीट निघालं, पुतळे झाले, आता तर दरवर्षी कार्यक्रम होते, पण सांभाळलं कोणी हे विसरू नका.

संगीतामुळे भांडणं मिटतात म्हणतात. आपल्याकडे उलटं झालं का?

झालं, चांगलंच. १९२३ ला नागपुरात मशिदीसमोरून वाजतगाजत दिंडी न्यायची की नाही यावरून तंटा पेटला, बंदी आली, बंदी मोडायला दिंडी सत्याग्रह झाला. टाळ-मृदंग तेच, विठ्ठल तोच, पण ते भांडणाचं हत्यार झालं अन् पुढच्या वर्षांत शहरातलं वातावरण बिघडत गेलं. त्याच वर्षी त्याच शहरात झेंडा सत्याग्रह पण चालू होता, जमनालाल बजाज त्यात जेलमध्ये गेले अन् पुढे वल्लभभाईंनी तो सांभाळला. एकाच शहरात एकाच साली दोन मिरवणुका, एकीने माणसं जोडली, दुसरीने तोडली. वाद्याला दोष देऊन उपयोग नाही, कोण कशासाठी घेऊन निघालं ते पाहावं लागते.

अजून एक उदाहरण. १९३८ ला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हटलं म्हणून पोरांना काढून टाकलं. त्या पोरांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. त्यातले एक पी. व्ही. नरसिंह राव, पुढे पंतप्रधान झाले. तेच नागपूर विद्यापीठ आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने आहे.

भीमगीतांबद्दल काहीच नाही लिहिलं?

लिहितो ना भाऊ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, अन् दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. पुढारी गेल्यावर चळवळ विस्कटते हा सगळीकडचा अनुभव. पार्ट्या इथंही फुटल्या, गट पडले, पण वस्तीवस्तीत गाणं राहिलं. ज्या आजीला वाचता येत नाही तिला महाडचं तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, सगळं क्रमाने पाठ असते, कारण ते तिने गाण्यात ऐकलं. चौदा एप्रिलला कोणत्याही गावात जाऊन उभे राहा. आता त्यातही डीजे घुसला आहे अन् शब्द कानी पडत नाहीत, ही तक्रार वस्तीतलीच म्हातारी माणसं करून राहिली, मी बाहेरून करत नाही.

स्वातंत्र्यानंतर तुकडोजी महाराजांनी काय केलं? नुसती भजनं?

गावातलं काम, भूदानात विनोबांना साथ, १९५५ ला जपानच्या धर्म परिषदेत जाऊन तिथंही खंजिरी. १९६२ ला चीनशी अन् १९६५ ला पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा सीमेवर जवानांसमोर भजनं म्हणायला गेले. 'राष्ट्रसंत' म्हटलं ते राजेंद्रप्रसादांनी. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला देह ठेवला.

आजचे पुढारी भजनात येऊन बसतात, त्याचं काय?

येऊ द्या, सतरंजी मोठी आहे. फक्त कोण किती वेळ बसते ते पाहत जा. फोटोपुरता टाळ हातात घेणारा ओळखू येते, टाळ उलटा धरलेला असते. आमच्या भागात झाडीपट्टीची दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य) असो का भजन स्पर्धा, बॅनरवर चेहरे जास्त अन् गाणाऱ्याचं नाव खाली बारीक, ही रीतच पडली. बक्षीस पुढाऱ्याच्या नावाने, साऊंडवाल्याचे पैसे मंडळाने वर्गणी करून द्यायचे. मंडळ पैशासाठी एका माणसावर विसंबलं की ते त्याचं मंडळ होते, गावाचं राहत नाही. आपल्याकडे अशी मंडळं फुटताना पाहिली आहेत, अन् भांडण दरवेळी पेटी-तबला कोणाच्या घरी ठेवायचा इथूनच सुरू होते.

बायांची भजन मंडळं आहेत का?

भरपूर, अन् खरं सांगायचं तर सध्या तीच जास्त जोरात आहेत. पुरुषांची मंडळं इलेक्शनमध्ये फुटतात. दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर आल्या त्या गावांमध्ये चौकशी करा, बहुतेक ठिकाणी पहिले बचत गट नाहीतर भजन मंडळ होतं.

पोरांना घेऊन पाहायला कुठं जायचं?

चिमूरला शहीद स्मारक अन् बालाजीचं देऊळ, तिथून गोंदेडा तपोभूमी जवळच. वर्धेकडून असाल तर सेवाग्राम अन् आष्टी. अमरावती-नागपूर हायवेवर मोझरी, बस थांबते. मोझरीला पुण्यतिथीच्या दिवसांत, आश्विन वद्य पंचमीच्या आसपास गेलात तर लाखाची गर्दी राहते, अन् दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढी गर्दी, एवढी खंजिरी, एवढे लाऊडस्पीकर अन् एकदम चिडीचूप. तेवढ्या वेळात पोरांच्या हातातले मोबाईल बंद करून ठेवा, लोक रागावतात अन् बरोबर रागावतात.

खंजिरी शिकायची आहे, वय चाळीसच्या वर आहे, जमेल का?

जमेल. यूट्यूबवर नका शिकू, तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे, संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसा, पहिले काही दिवस टाळ देतील, तो नीट धरा. ठेका हातात बसला की कोणीतरी स्वतःहून खंजिरी देते. नवीन विकत घेणार असाल तर चकत्या हलवून पाहा, ढिल्या असल्या तर नका घेऊ, अन् घोरपडीच्या कातड्याची म्हणून कोणी महागात विकत असेल तर तिथून निघून या, तो कायद्याने गुन्हा आहे.